थकलेल्या घरपट्टीचा आकडा कसा फोडायचा

घरपट्टीच्या बिलावर 'एकूण देय' असा एक आकडा ठळक छापलेला असतो. काही वर्षं भरणा झाला नसेल तर हा आकडा बघूनच छातीत धस्स होतं. बिल घडी घालून कपाटात जातं, आणि पुढच्या वर्षीचं बिल येईपर्यंत कुणी त्याचं नाव काढत नाही. थकबाकी वाढण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच वाटतं. पैसे नसणं त्याच्या नंतर येतं.

त्या आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पहिली म्हणजे मूळ कर, दुसरी शास्ती म्हणजे उशिराचा दंड, आणि तिसरी पुष्कळदा चूक: आकारणीतली, नोंदीतली किंवा न मिळालेल्या सवलतीची. मूळ कर खरा असेल तर तो भरावाच लागतो. शास्तीची वाढ थांबवता येते आणि कधी कधी ती कमीही होते. चूक दुरुस्त करून मिळते, पण त्यासाठी लेखी आणि मुदतीत मागणी करावी लागते. हे तीन भाग वेगळे न करता जो सरळ भरतो तो कदाचित न लागणारे पैसे भरतो. जो भरतच नाही, त्याचा खरा करसुद्धा दंड वाढवत राहतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या घरमालकांसाठी आहे. पुण्यात याला मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर, बाकी बहुतेक ठिकाणी घरपट्टी. मुंबई महापालिकेला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम, आणि ग्रामपंचायतींना १९५८ चा. पुढे कलमांचा उल्लेख येईल तिथे मी मुख्यतः १९४९ च्या कायद्याबद्दल बोलतो आहे.

शास्ती कशी वाढते

महापालिका क्षेत्रात मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. गृहकर्जाच्या व्याजापेक्षा ही कितीतरी जास्त आहे, आणि महिन्याचा काही भाग उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. दिलासा एवढाच की हे सरळव्याज आहे. शास्तीवर पुन्हा शास्ती लागत नाही. बिलात तशी लागलेली दिसली तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे.

समजा, सोलापुरातल्या एका काकूंच्या घराचा वर्षाचा कर १२,००० रुपये आहे. काका वारल्यानंतर दहा वर्षं भरणा झालेला नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून कर दरवर्षी तेवढाच राहिला आणि प्रत्येक वर्षाची शास्ती ते वर्ष संपल्यावर सुरू झाली असं धरू. प्रत्यक्षात कर एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत देय असतो, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्तच निघेल.

पाच वर्षांनी मूळ कर होतो ६०,००० रुपये आणि शास्ती २८,८००. दहा वर्षांनी मूळ कर होतो १,२०,००० आणि शास्ती १,२९,६००. मूळ कर दुप्पट झाला, पण शास्ती साडेचार पट झाली. कुठल्याही एका वर्षाचा कर पन्नास महिने थकला की त्याची शास्ती त्या कराइतकी होते. इथून पुढे काकूंनी चालू वर्षाची बिलं वेळेवर भरली आणि जुन्या थकबाकीला हात लावला नाही, तरी दर महिन्याला २,४०० रुपये वाढतच राहणार.

म्हणून बिल हातात आल्यावर पहिलं काम वर्षनिहाय तपशील मिळवण्याचं. कोणत्या वर्षाचा कर किती, त्यावर शास्ती किती, याआधी भरलेले पैसे कुठे जमा झाले, हे सगळं खातेउताऱ्यात दिसतं. बऱ्याच महापालिकांच्या संकेतस्थळावर खाते क्रमांक टाकून तो बघता येतो. तिथे नसेल तर प्रभाग कार्यालयात अर्ज करून कर आकारणी उतारा मागायचा. तोंडी मागितल्यावर 'उद्या या' असं ऐकावं लागत असेल, तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कर आकारणी उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्तेच्या हस्तांतरणाची नोंद या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. त्यांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. जुनी कागदपत्रं हवी असतील तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.

चूक कुठे शोधायची

या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सामान्य घरमालकाचे पैसे इथेच सर्वाधिक अडकलेले असतात.

सर्वांत आधी क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचा प्रकार बघा. घर राहतं असून नोंद बिगरनिवासी झाली असेल तर कर कित्येक पट होतो. पुढच्या खोलीत पूर्वी किराणा दुकान होतं, ते बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पण रजिस्टरमध्ये ते अजून चालू आहे, अशी उदाहरणं गावोगावी सापडतात. पत्र्याच्या शेडची नोंद स्लॅबचं बांधकाम म्हणून झालेली असते. घर पाडून नवं बांधलं तर जुनं खातं बंद होत नाही, नवं मात्र उघडतं. मग एकाच जागेची दोन बिलं निघतात आणि एक थकत जातं. याला कार्यालयात दुबार आकारणी म्हणतात. ती सिद्ध करायला अर्ज देऊन स्थळपाहणीची मागणी करायची, आणि पाहणीचा अहवाल लेखी घ्यायचा. आपल्या काकूंच्या बाबतीत असं निघालं की मागची खोली वेगळ्या खात्यावर चढली आहे आणि तीच पुन्हा मुख्य घरातही धरली आहे, तर दहा वर्षांच्या थकबाकीचा एक तुकडा मुळातूनच गळून पडतो, आणि त्याबरोबर त्यावरची शास्तीसुद्धा.

दुसरी जागा म्हणजे न मिळालेली सवलत. पुण्याचं उदाहरण घ्या. तिथे मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. मध्यंतरी ती थांबली. २०१९ नंतर नोंदलेल्या अनेक मिळकतींना ती मिळालीच नाही, आणि काहींची सर्वेक्षणानंतर काढून घेतली गेली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा लागू केली, पण ज्यांच्या बिलात ती नव्हती त्यांना स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यावा लागला. ज्यांनी अर्ज दिला नाही त्यांचं बिल पूर्ण दराने निघत राहिलं. पुण्यातल्या थकबाकीदाराने म्हणूनच आधी बिलात ही सवलत लागली आहे का ते बघावं.

मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या चटई क्षेत्राच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. मात्र त्याआधीची थकबाकी या निर्णयाने पुसली गेली नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी राज्याने २०२० मध्ये करमाफीची योजना आणली, तीही आपोआप लागत नाही, अर्ज लागतो. घर बराच काळ रिकामं असेल तर करात सूट मिळण्याची तरतूद आहे, पण रिकामं असल्याची सूचना त्या वेळीच लेखी दिलेली असावी लागते. दहा वर्षांनी 'घर बंदच होतं' असं सांगून उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट मागच्या काळाची आकारणी. अनेक इमारतींना भोगवटा, म्हणजे राहण्याची परवानगी, मिळून लोक राहायला येतात, आणि महापालिकेची नोंद कित्येक वर्षांनी होते. मग एकदम मागच्या सगळ्या वर्षांचं बिल हातात पडतं. १९४९ च्या कायद्याच्या कलम १५०-अ नुसार आकारणीतून सुटलेल्या व्यक्तीला अशी मागची आकारणी लावता येते, पण सहा वर्षांच्या आत. त्याहून जुन्या वर्षांची मागणी असेल तर हे कलम नमूद करून हरकत घ्या. याच बाबतीत बिल्डरकडेही बघा. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार ताबा देईपर्यंतची कर आणि पट्ट्यांची देणी बिल्डरने द्यायची असतात, आणि ती न देता ताबा दिला तरी त्याची जबाबदारी सुटत नाही. ताब्याची तारीख दाखवणारं पत्र म्हणून जपून ठेवावं.

महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचा प्रश्न वेगळाच. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली. अशा भागात पूर्ण दर पहिल्याच दिवसापासून लावता येत नाही, तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. शिवाय ग्रामपंचायतीकडे भरलेल्या कराच्या पावत्या महापालिकेच्या खात्यात दिसत नाहीत. त्या पावत्या हाच तुमचा पुरावा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आकारणी, नमुना ९ मध्ये मागणी आणि नमुना १० ही पावती असते. तिन्हींच्या प्रती काढून ठेवल्या तर वाद निम्म्यावर येतो.

आणखी एक शास्ती वेगळी ओळखायला हवी, कारण ती उशिराची नसते. विनापरवाना बांधकामावर कलम २६७-अ खाली कराच्या दुपटीपर्यंत दंड लागतो. पिंपरी-चिंचवडमध्ये हजारो घरांच्या बिलात हा शास्तीकर मूळ करापेक्षा मोठा झाला होता, आणि लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केल्यावर २०२३ मध्ये सरकारने तिथला थकलेला शास्तीकर माफ केला. तुमच्या बिलात ही रक्कम असेल तर ती उशिराच्या शास्तीत मिसळू देऊ नका. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि दोन्हींविरुद्धचे मुद्देही वेगळे. हा दंड भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही ध्यानात असू द्या. तसंच घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. कर कोण भरतं एवढंच ती दाखवते.

हरकत घ्यायची तर मुदतीत

नवी आकारणी करताना किंवा करपात्र मूल्य (ज्या रकमेवर कर मोजतात ती) वाढवताना महापालिका विशेष नोटीस देते. तिच्यावर हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. हरकत दिली की सुनावणी होते आणि निर्णय लेखी मिळतो. तो मान्य नसेल तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं, पण अटी कडक आहेत. अपील पंधरा दिवसांत करावं लागतं, आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असावी लागते, आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. ही शेवटची अट गरिबाला न्यायालयाच्या दारातूनच परत पाठवते असं माझं मत आहे. पण कायदा आज तसा आहे, म्हणून लढाई शक्यतो सुनावणीच्या टप्प्यावरच जिंकायची तयारी ठेवावी. मोजमापाचा नकाशा, वीजबिल, फोटो, सोसायटीचं पत्र, जुन्या पावत्या हे सगळं तिथेच द्यावं. नगरपरिषदेच्या हद्दीत यासाठी अपील समिती असते.

मुदत गेली असेल तरी नोंदीतली उघड चूक दुरुस्त करण्याचा अर्ज देता येतो. दुबार खातं, चुकीचा वापर, न जमा झालेली पावती या गोष्टी कार्यालयाच्या पातळीवर सुटू शकतात. अर्ज मोठा लिहू नका. साधारण असा पुरतो:

"माझ्या मालमत्तेवर (खाते क्रमांक…) रुपये… इतकी थकबाकी दाखवली आहे. तिचा वर्षनिहाय तपशील मिळावा. मागील खोलीची आकारणी दोन खात्यांवर झाली असल्याने स्थळपाहणी करून दुबार आकारणी रद्द करावी. वाद नसलेली मूळ कराची रक्कम रुपये… मी हक्क राखून भरण्यास तयार आहे. ती मूळ करात जमा करावी आणि वादातील रकमेवर निर्णय होईपर्यंत सक्तीची कारवाई करू नये, ही विनंती."

'हक्क राखून' हे शब्द गाळू नका. ते नसतील तर पैसे भरले म्हणजे आकारणी मान्य केली, असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो.

भरायचं कसं

एकरकमी पैसे नसतील तर भागशः भरा. इथे एक बारकावा आहे. भरलेली रक्कम मूळ करात गेली तर पुढची शास्ती कमी होते, शास्तीच्या खात्यात गेली तर मूळ कर तसाच राहतो आणि दंड चालू राहतो. अनेक ठिकाणी संगणक आपोआप सर्वांत जुन्या बिलापासून शास्तीसह वजा करत येतो. म्हणून वरच्यासारखा अर्ज आधी द्या, कर अधिकाऱ्यांशी बोला आणि पावती मिळाल्यावर रक्कम कुठे जमा झाली ते तिथल्या तिथे तपासा. चालू वर्षाचं बिल मात्र दर वर्षी मुदतीत भरायचा प्रयत्न करा. पुष्कळ महापालिका पहिल्या दोन-तीन महिन्यांत भरणाऱ्यांना सूटही देतात.

आता अभय योजनेकडे येऊ, कारण बहुतेक थकबाकीदार तिचीच वाट बघत असतात. महापालिका अधूनमधून शास्तीत मोठी सवलत जाहीर करतात. पुणे महापालिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये ५० लाखांपर्यंत थकबाकी असलेल्यांना शास्तीत ८० टक्के सवलत दिली होती. अशा योजनेत मूळ कर पूर्ण भरावा लागतो आणि सहसा एकाच वेळी. वेळेवर भरणाऱ्या लाखो लोकांवर या योजना अन्याय करतात, ही तक्रार मला पटते. पण योजना आलीच तर खऱ्या अडचणीतल्या घराने ती जरूर घ्यावी.

वाट बघण्याचा हिशेब काकूंच्या आकड्यांवर करू. आज शास्ती १,२९,६०० आहे. काकू दोन वर्षं थांबल्या, चालू बिलं भरत राहिल्या, आणि मग ७५ टक्के सवलतीची योजना आली, तर तोवर शास्ती १,८७,२०० झालेली असेल आणि त्यातले ४६,८०० भरावे लागतील. योजना आली नाही तर ५७,६०० रुपये जादा अंगावर पडले. आणि काकूंनी आजच मूळ कराचे १,२०,००० भरून ते मूळ करातच जमा करून घेतले, तर शास्ती १,२९,६०० वर थांबते. पुढे योजना आली तर ३२,४०० त सुटका, नाही आली तरी आकडा वाढत नाही. शक्य असेल तर ही तिसरी वाट सर्वांत सुरक्षित. फक्त मागच्या योजनेचा लाभ घेतलेल्यांना पुढच्या योजनेत घेत नाहीत असंही होतं, त्यामुळे जाहीर सूचनेतल्या अटी पूर्ण वाचायच्या.

राष्ट्रीय लोक अदालतीत थकबाकीची प्रकरणं तडजोडीला ठेवली जातात. नोटीस आली असेल तर जाऊन या, वकील लागतोच असं नाही. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. आकारणीतली चूक दुरुस्त व्हायची बाकी असेल तर घाईने सही करू नका. एकदा मान्य केलेला आकडा मग पक्का होतो.

पुढच्या तारखांचे धनादेश देताना फार जपा. हप्ते मिळावेत म्हणून लोक चार-पाच धनादेश देऊन येतात. त्यातला एक जरी वटला नाही तरी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. थकलेला कर हे दिवाणी देणं आहे, त्याचा फौजदारी गुन्हा आपल्या हातून करून घेऊ नये. खात्यात पैसे असतील तेव्हाच भरा. दारात आलेल्या माणसाला छापील पावती घेतल्याशिवाय रोख रक्कम देऊ नका.

जप्तीची नोटीस आली तर

आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग वॉरंट, मग जप्ती, आणि शेवटी लिलाव, असा हा क्रम आहे. मागणीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत पैसे भरले किंवा न भरण्याचं पुरेसं कारण लेखी दाखवलं, तर तिथे थांबता येतं. त्या मुदतीत गप्प बसणं सर्वांत वाईट. वॉरंट निघाल्यावर जंगम वस्तू जप्त होऊ शकतात आणि घरावरही जप्ती बसू शकते. पण त्यालाही मर्यादा आहेत. अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. वॉरंट घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला बळाने आत यायचं असेल तर ते सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच, आणि आधी ओळख व कारण सांगून. त्याच्याकडे वॉरंटची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. स्थावर मालमत्तेवर जप्ती बसली की ते घर विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. लिलाव होण्याआधी खर्चासह रक्कम भरली तर घर वाचतं.

मार्च महिन्यात दारासमोर बँड वाजवून वसुली करण्याचे प्रकार काही शहरांत होतात. घरात म्हातारी माणसं, परीक्षेची मुलं असतात. वसुलीचे कायदेशीर मार्ग भरपूर असताना माणसाला शेजाऱ्यांसमोर खाली बघायला लावणं मला अजिबात मान्य नाही. असं होण्याआधीच तुमचा अर्ज आणि थोडा का होईना भरणा कार्यालयात पोचलेला असेल, तर बोलायला आधार राहतो.

भाड्याने दिलेल्या घराची थकबाकी महापालिका भाडेकरूकडूनही वसूल करू शकते, आणि तो ती रक्कम भाड्यातून कापू शकतो. भाड्याचं उत्पन्न दाखवणाऱ्या मालकासाठी एक सोय मात्र आहे: प्रत्यक्ष भरलेला पालिकेचा कर, तो जुन्या वर्षांचा असला तरी, ज्या वर्षी भरला त्या वर्षीच्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो.

जुन्या मालकाची थकबाकी

कलम १४१ नुसार घरपट्टी हा मालमत्तेवरचा पहिला भार आहे. सरकारचा जमीन महसूल सोडला तर बँकेच्या कर्जाच्याही आधी तो येतो. त्यामुळे पुनर्विक्रीचं घर घेताना थकबाकी नसल्याचा दाखला बघितलाच पाहिजे. पैसे राहिले असतील तर ते मोबदल्यातून कापून थेट पालिकेत भरावेत आणि तसं खरेदीखतात लिहावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार विक्रीच्या तारखेपर्यंतची अशी देणी विक्रेत्याने द्यायची असतात, म्हणजे नंतर कळलं तरी त्याच्याकडे मागता येतं.

याबाबत अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निकाल महत्त्वाचा आहे. त्यात १९४९ च्या याच कायद्याचं कलम १४१ होतं. थकबाकीची माहिती नसताना, मोबदला देऊन घेणाऱ्या खरेदीदाराच्या हातात गेलेल्या मालमत्तेवर तो भार बजावता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण माहिती होती की नव्हती हा पुराव्याचा प्रश्न असतो, आणि आज थकबाकी मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. या निकालाच्या भरवशावर चौकशी न करता घर घेऊ नये. विकणाऱ्यानेही तीन महिन्यांत हस्तांतराची सूचना पालिकेला द्यायची असते. ती दिली नाही तर बिल त्याच्याच नावाने निघत राहतं आणि जबाबदारीही त्याच्यावर राहू शकते.

काकूंसारख्या घरात वारसनोंद हे बाकी राहिलेलं काम असतं. बिल अजून काकांच्या नावाने येतं म्हणून कर चुकत नाही, कारण भार घरावर आहे. पण अर्ज, हरकत, सवलत या प्रत्येक ठिकाणी 'तुम्ही कोण' हा प्रश्न येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची ना-हरकत जोडून आधी नाव लावून घ्या. नाव लावण्यासाठी आधी सगळी थकबाकी भरा असं सांगितलं गेलं, तर वारसनोंदीचा अर्ज घ्या आणि नकाराचं कारण लेखी द्या, असं नम्रपणे पण ठामपणे सांगा.

मुंबईत बऱ्याचदा पूर्ण इमारतीचं एक बिल सोसायटीच्या नावाने येतं. दोन-तीन सभासदांनी हिस्सा दिला नाही तर थकबाकी सगळ्या इमारतीची दिसते. सोसायटीने बिल तरीही भरावं आणि थकवणाऱ्या सभासदाकडून सहकार कायद्याच्या कलम १५४-ब-२९ खाली वसुलीचा दाखला मिळवावा. एका घरासाठी अख्ख्या इमारतीवर शास्ती ओढवून घेण्यात कुणाचंच भलं नाही.

गावाकडे आणखी एक परिणाम आहे. ग्रामपंचायतीच्या कराचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो भरला नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्यपदासाठी माणूस अपात्र ठरतो. निवडून आलेल्याचं पदसुद्धा यावरून गेलेलं आहे.

सगळं भरून झालं की थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. जप्ती लागली असेल तर ती उठवल्याचं पत्र वेगळं मागा, आणि तिची नोंद मिळकत पत्रिकेवर किंवा दुय्यम निबंधकांकडे गेली असेल तर ती कमी करून घ्या. पुढच्या एप्रिलचं बिल आलं की मागील बाकीच्या रकान्यात शून्य आहे ना ते बघा. नसेल तर पावत्यांची प्रत जोडून त्याच आठवड्यात अर्ज द्या.